वरच्या कप्प्यातला टॉवेल

"किती पाणी प्यायलात?"

"दोन ग्लास."

"दोन ग्लासांनी काय होणार? ती बाटली संपवा. अगदी धरवेना असं झालं की मला सांगा."

"आत्ताच धरवत नाहीये हो, मावशी!"

"बाकावर बसून बोलता येतंय ना, म्हणजे धरवतंय. प्या आणखी थोडं. लघवीची पिशवी भरल्याशिवाय मॅडमना आतलं काही दिसत नाही."

सोनोग्राफीच्या खोलीच्या दाराशी उभं राहून मावशी हे दिवसभर बोलत. कुणी रडकुंडीला येई, कुणी चिडे, कुणी हळूच सटकून मोकळी होऊन येई आणि साळसूदपणे परत बाकावर बसे. मावशींना ते चेहऱ्यावरूनच कळे. "जाऊन आलात ना? आता पुन्हा पहिल्यापासून," असं म्हणून त्या तिच्या हातात भरलेली बाटली देत. त्यांच्या बोलण्याचा राग कुणाला येत नसे, कारण बोलता बोलता त्या बाईच्या पाठीवरून हात फिरवलेला असे.

आतल्या खोलीत मात्र मावशींच्या तोंडाला कुलूप. दिवा मंद करायचा, चादर पसरायची, जेलची बाटली गरम पाण्यात बुडवून ठेवायची आणि मॅडमच्या डाव्या खांद्यामागे भिंतीला टेकून उभं राहायचं. तिथून पडदा दिसत नसे. दिसला असता तरी त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्या मॅडमच्या डाव्या हाताकडे बघत.

कारण मॅडमना एक सवय होती आणि ती त्यांची त्यांनाच ठाऊक नव्हती. तपासणीत सगळं ठीक असलं की त्या रोलवरचा कागद टर्रकन फाडून बाईच्या हातात देत, "घ्या पुसून" म्हणत आणि खुर्ची फिरवून मशीनकडे वळत. पण काही वावगं दिसलं, की आधी त्यांचं बोलणं थांबे. मग डावा हात बटणांवरून सुटे आणि न बघताच मागे येई, तळवा उघडा. हाताला काय हवंय ते मावशींना एकदाच, पुष्कळ वर्षांपूर्वी, कागद संपला होता त्या दिवशी कळलं होतं. त्यांनी गडबडीत हात पुसायचा टॉवेल त्या तळव्यावर ठेवला. मॅडमनी त्या बाईचं पोट स्वतः पुसलं, कडेला ओघळलेलं जेलसुद्धा टिपून घेतलं आणि तिचे कपडे नीट केले. ती बाई पुढे फार दिवस जगली नाही.

तेव्हापासून मावशी वरच्या कप्प्यात एक पांढरा, मऊ टॉवेल घडी करून ठेवत. तो त्या स्वतः घरी नेऊन धूत. रुग्ण बायका बाहेर येऊन म्हणत, "मॅडम किती मायाळू आहेत हो, स्वतःच्या हातानं पुसलं मला!" मावशी "हो ना" म्हणत आणि त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाला आत बोलावत. बोलावण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. मोठ्यानं हाक मारायची नाही. दार पायानं अडवून पुरतं उघडं ठेवायचं, आणि घरातल्या घरात बोलावं तसं म्हणायचं, "आत या जरा. सामान राहू द्या तिथंच, मी बघते."

हे सगळं ठाऊक असलेल्या बाईनं स्वतःची काळजी घेतली असेल असं कुणालाही वाटेल. पण घोटाळा झाला तो त्या ठाऊक असण्यानंच.

वर्षापूर्वी नवीन मशीन आलं. ते बसवणारा माणूस म्हणाला, कुणाला तरी टेबलावर झोपवा, म्हणजे चित्र नीट जुळवून देतो. काउंटरवालीनं दोन्ही हात जोडले. ती आणि मावशी एकाच साली नोकरीला लागलेल्या. "माझं पोट बघून तुमचं मशीन बंद पडेल," ती म्हणाली. मग मावशी हसत हसत आडव्या झाल्या. आयुष्य त्या टेबलाची चादर बदलण्यात गेलं होतं, पण त्यावरून छत कसं दिसतं ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माणूस बटणं फिरवत होता. मॅडम मध्येच म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

तो गेल्यावर त्यांनी स्वतः पोटावर प्रोब फिरवला. "मावशी, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"झाली की दहाएक. का हो?"

"डाव्या अंडाशयात एक गाठ दिसतेय. घाबरू नका. लहान आहे, पाण्याची आहे, भिंत पातळ आहे, आत दुसरं काही नाही. या वयातसुद्धा अशा गाठी होतात. बऱ्याचशा काही न करता तशाच राहतात, काही विरूनही जातात. पण पाळी गेल्यानंतरची गाठ आहे, तिच्यावर लक्ष ठेवायला हवं. रक्ताची एक तपासणी करून घ्या, आणि तीनेक महिन्यांनी आपण परत बघू. विसरायचं नाही."

आणि टर्रकन कागद फाडून त्यांनी मावशींच्या हातात दिला. "घ्या पुसून."

मावशींना इतकं हायसं वाटलं, की पुढचं त्यांनी धड ऐकलंच नाही. कागद मिळाला होता! मॅडमनी विचारलं, "घरात कुणाला असलं काही होतं का? आई, बहीण?" आणि पोट पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "नाही हो, कुणाला काही नाही."

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. मग तर झालंच.

तीन महिन्यांनी मॅडमना आठवण होती. "मावशी, आज बघूया का?" "आज गर्दी फार आहे, मॅडम." पुढच्या आठवड्यात विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आज पाणी नाही प्यायले मी." साऱ्या जगाला पाणी पाजणाऱ्या बाईनं हे सांगावं, आणि मॅडमनीही ते हसण्यावारी न्यावं! मी इथंच तर आहे, कुठं पळून जातेय, असं मावशी म्हणत. लांबून गाडी बदलत येणाऱ्या बायका ठरल्या दिवशी हजर होत. मावशी मात्र रोज त्या टेबलाला हात लावून घरी जात होत्या. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता मॅडमही कामाच्या रगाड्यात विसरून गेल्या. मावशी विसरल्या नव्हत्या. त्यांना वाटायचं, कागद मिळालेल्या बाईनं उगाच दुसऱ्यांदा कशाला झोपायचं? आणि खरं सांगायचं तर त्यांना भीतीही वाटत होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, स्वतःलाही नाही.

घरी त्या आणि धाकटी बहीण, दोघीच. मावशींनी लग्न केलं नव्हतं. धाकटीचा नवरा लवकर गेला आणि ती ताईकडे आली ती कायमचीच. ती एका शाळेत शिवण शिकवायची. माणसाकडे बघताना तिची नजर आधी कपड्याच्या शिवणीवर जाई.

"ताई, एप्रनचं खालचं बटण कुठं गेलं?"

"तुटलं."

"तुटलं नाहीये. तू लावत नाहीस. काज ताणलंय बघ."

"धुऊन धुऊन आटलाय तो."

"एप्रन आटला आणि बाह्या तेवढ्या ढगळ झाल्या?" धाकटी म्हणाली. मावशींचे दंड बारीक झाले होते हे त्यांच्या आधी तिच्या लक्षात आलं होतं.

जेवताना दोन घास खाल्ले की मावशींना पोट गच्च भरल्यासारखं होई. दिवसातून कितीदा तरी त्या बाथरूमकडे धावत. काउंटरवाली चिडवायची, "लोकांना पाणी पाजता पाजता तुम्हालाच बाधलं की काय?" मावशी म्हणत, गॅस आहे, वय आहे, उभं राहून राहून असं होतं. कारणं त्यांच्याजवळ भरपूर होती.

एका संध्याकाळी त्यांनी अर्धं ताट बाजूला सारलं. धाकटी घास तोंडाजवळ नेता नेता थांबली.

"ताई, आईनं असंच ताट सरकवायला सुरुवात केली होती."

"आईचं काय मध्येच?"

"मी लहान होते, पण मला आठवतं. ती म्हणायची, भरलं गं पोट, तूच खा माझं. मला आनंद व्हायचा, जास्तीचं मिळतंय म्हणून. मग तिचं पोट मोठं दिसायला लागलं. शेजारणी थट्टा करायच्या. मी मांडीवर डोकं ठेवलं की ती हळूच बाजूला करायची."

"आईच्या पोटात पाणी झालं होतं."

"पाणी कशानं झालं होतं पण?"

"मला काय माहीत? तेव्हा कोण बघत होतं आत?"

"आता तर बघतात ना. तू तर तिथंच असतेस."

"तोंड सांभाळून बोल!" मावशी जोरात ओरडल्या. त्या उठल्या आणि भांडी आपटत आपटत धुऊ लागल्या. धाकटीनं ताईचं उरलेलं ताट झाकून ठेवलं. त्या रात्री ते तिनं खाल्लं नाही.

खरं म्हणजे धाकटी आईचं बोलली त्याच वेळी मावशींना कळलं होतं. घरात कुणाला होतं का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांनी 'नाही' म्हटलं होतं ते खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आईच्या दुखण्याला घरात कधी नावच मिळालं नव्हतं. नाव नसलेलं दुखणं कसं सांगायचं? पण आता ते त्यांच्या डोक्यातून हलेना. भांडी धुऊन झाल्यावर ओला हात त्यांनी पोटावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात एक प्रसंग घडला. बाकावर दिवस गेलेली एक तरुण बाई होती, बोलकी, हसरी. मावशी तिला बाटली द्यायला वाकल्या तशी ती म्हणाली, "मावशी, तुम्हीसुद्धा पाणी पिऊन बसलात वाटतं! माझ्याएवढंच पोट दिसतंय तुमचं."

सगळ्या बायका खळखळून हसल्या. मावशी हसल्या. "मग! तुम्हाला सोबत नको का कुणाची?" असंही त्या म्हणाल्या.

काउंटरवाली हसली नाही. ती काचेमागून मावशींकडे बघत राहिली, एप्रनच्या न लावलेल्या बटणाकडे, दंडांकडे. वर्षभर रोज शेजारी बसून डबा खाताना जे दिसलं नव्हतं, ते तिला आत्ता दिसलं. दुपारी ती मॅडमच्या खोलीत जाऊन आली आणि मावशींना म्हणाली, "उद्या पहिला नंबर तुमचा. धाकटीला घेऊन या."

"धाकटीला कशाला?"

"मला विचारू नका. घेऊन या म्हटलं ना."

'बरोबर कुणाला तरी घेऊन या' हे मावशींनी आजवर किती जणींना सांगितलं होतं, त्याची गणतीच नव्हती. ऐकायची वेळ पहिल्यांदा आली होती. त्या जेलची बाटली धुवायला आत गेल्या आणि स्वच्छ असलेली बाटली पुन्हा पुन्हा धूत राहिल्या.

सकाळी त्या बाकावर बसल्या. बाक इतका थंड असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. बाटली संपता संपेना. पोटात आधीच जागा नव्हती.

"अगं ताई, नको होत असेल तर राहू दे," धाकटी म्हणाली.

"सगळ्या पितात. मी काय वेगळी आहे?"

खोलीत आज मावशींच्या जागी काउंटरवाली उभी राहणार होती. आडवं होण्याआधी मावशींनी तिला सगळं दाखवलं. दिवा इथून कमी करायचा. जेल लावण्याआधी हातावर घेऊन बघायचं, गार लागलं तर बाई दचकते. कागदाचा रोल इथं. मॅडम काम करत असताना बोलायचं नाही. टॉवेलचं मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही. कप्प्याकडे नजरसुद्धा जाऊ दिली नाही. जणू कुणाला माहीत नसलं, तर मागणारा हात मागायचाच नाही.

मॅडम आत आल्या त्या रागावतच. "वर्ष झालं, मावशी! मी विसरले ते विसरले, तुम्हाला कळत नव्हतं? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्हीच दारात उभं राहून चार शब्द सुनावले असते."

"सुनावले असते," मावशी म्हणाल्या.

जेल कोमट होतं. प्रोब फिरू लागला. मॅडम अजून बोलत होत्या, नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी मावशींनी चुकून मशीनचाच दिवा कसा बंद केला होता, वगैरे. मावशींना ते बोलणं थांबू नये असं वाटत होतं. त्यांनी मान डावीकडे वळवली आणि मॅडमच्या डाव्या हातावर डोळे लावले. हात बटणांवर होता. टक, टक. काहीतरी मोजलं जात होतं.

"श्वास धरा. सोडा."

टक, टक.

मशीनचा दिवा बंद केल्याची गोष्ट अर्धीच राहिली होती. ती कुणी पुढे सांगेना.

"जरा कुशीवर व्हा. हं. आता परत पाठीवर." मॅडमचा आवाज अगदी साधा होता. "मावशी, तुमच्या आई कशानं गेल्या?"

मावशींनी छताकडे पाहिलं. "पोटात पाणी झालं होतं तिच्या. मी तुम्हाला गेल्या वेळी सांगितलं नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

कागद फाडा, मावशी मनात म्हणत होत्या. फाडा ना हो कागद. ओरडा माझ्यावर, पण कागद फाडा.

डावा हात बटणांवरून सुटला. सावकाश, न बघता, तो मागे गेला. तळवा उघडा होता.

काउंटरवाली गोंधळली. तिनं घाईनं रोलवरचा कागद फाडून त्या तळव्यावर ठेवला. मॅडमनी तो बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. नजर पडद्यावरच होती. हात पुन्हा मागे गेला.

"काय हवंय, मॅडम?" काउंटरवालीनं विचारलं.

मॅडमनी वळून आपल्याच हाताकडे पाहिलं. काय हवंय हे त्यांना सांगता येईना.

मग टेबलावरून मावशी म्हणाल्या, "वरच्या कप्प्यात पांढरा टॉवेल आहे. तो दे त्यांना."

काउंटरवालीनं दिला. मॅडम तो टॉवेल हातात धरून बसल्या.

"तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"इतकी वर्षं मीच देतेय ना तुम्हाला."

मॅडम त्या घडीकडे बघत राहिल्या. केव्हा केव्हा हात मागे गेला होता, कुणाकुणासाठी, हे त्यांना एकेक आठवत असावं. त्यांचे डोळे भरून आले. "मावशी, मी अजून काहीच नक्की म्हणत नाहीये. गाठ वाढलीय, आत घट्ट भाग दिसतोय, आणि पोटात थोडं पाणी आहे. पुढच्या तपासण्या करू, ऑपरेशन होईल, गाठ तपासायला जाईल, तोवर..."

"सगळं ऐकते. आधी पुसा," मावशी म्हणाल्या. "गार पडलंय ते."

मॅडमनी पुसलं. कडेला ओघळलेलंही टिपलं, कपडे नीट केले. टॉवेल खरोखरच मऊ होता. आपण धुतलेला टॉवेल अंगाला कसा लागतो हे मावशींना आज कळलं, आणि त्यांना रडू आलं. त्यांनी ते थोडा वेळ येऊ दिलं. काउंटरवाली भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"बरोबर कुणी..." मॅडमनी विचारायला सुरुवात केली.

"धाकटी आलीय."

"मी बोलावते तिला," काउंटरवाली म्हणाली.

"तू नको. तू नंबर पुकारल्यासारखं ओरडशील. घाबरेल ती."

सावकाश, कुशीवर होऊन, मग हात टेकून, असं सगळ्यांना सांगतात तशाच मावशी उठल्या. दाराशी गेल्या, पायानं अडवून दार पुरतं उघडं धरलं.

"धाकटे, आत ये जरा. पिशवी राहू दे तिथंच."

धाकटी उठली. ताईचा आवाज ऐकूनच तिचा चेहरा उतरला होता. बाकावरची दुसरी बाई कळवळून म्हणाली, "मावशी, आता अगदी धरवत नाही हो!"

"थोडी कळ काढा. पुढचा नंबर तुमचाच."

दार लावून त्यांनी धाकटीसाठी खुर्ची ओढली. ओला टॉवेल धुवायच्या टोपलीत टाकला. खालच्या खणातून कोरडा टॉवेल काढला, कडा जुळवून त्याची नीट घडी केली, टाचा उंचावून तो वरच्या कप्प्यात ठेवला, आणि मगच त्या मॅडमकडे वळल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "आता सांगा."